बिडी, खाण आणि छातीचा आजार : भंडारा जिल्ह्याचा एका शतकाचा इतिहास

भंडारा जिल्ह्यातील छातीच्या आजारांचा इतिहास तेथील कामधंद्यांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख. विसाव्या शतकात येथे शेतीखेरीज दोन मोठे रोजगार उभे राहिले. एक बिडी वळण्याचा आणि दुसरा तुमसर तालुक्यातील मँगनीज खाणींचा. एकात तंबाखूची धूळ होती, दुसऱ्यात दगडाची, आणि घरोघरी चुलीचा धूर होताच. या तिन्हींनी झिजवलेल्या फुप्फुसांत क्षयरोग सहज रुजला. १९८६ मध्ये देशात एचआयव्ही आढळला, पुढे तो याच फुप्फुसांपर्यंत पोहोचला. एचआयव्हीबाधितांच्या श्वासमार्गात कोणते जंतू वस्ती करतात आणि त्यांचा दम कायमचा का लागतो, हा आजच्या वैद्यकातला प्रश्न आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर मागच्या शंभर वर्षांतले हे थर एकामागून एक पाहावे लागतात.

या लेखात १९९९ पर्यंतचा भंडारा म्हणजे गोंदियासह असलेला जुना जिल्हा होय. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके उरले.

दुष्काळानंतर आलेली बिडी

१८५३ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. भंडारा हा त्याच प्रांताचा जिल्हा. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे जिल्ह्यातून धावू लागली. पुढे गोंदियाहून जबलपूरला जाणारा नॅरोगेज मार्ग झाला आणि गोंदिया जंक्शन बनले. दरम्यान १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी भातावर जगणारा हा प्रदेश खचवला. १८९१ ते १९०१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

त्याच काळात गुजरातेतील काही पटेल कुटुंबे मध्य प्रांतात येऊन स्थिरावली. मोहनलाल पटेल आणि हरगोविंददास पटेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपुरात बिडीचा व्यापारी धंदा उभा केला. जंगलातील टेंभुर्णीचे, म्हणजेच तेंदूचे पान बिडीला फार सोयीचे निघाले. ते पातळ असूनही चिवट असते, वळताना फाटत नाही आणि वाळल्यावर आकार धरून राहते. पान जंगलात, मजूर गावात, तंबाखू रेल्वेने गुजरातेतून आणि निपाणीकडून येणार, असा मेळ बसला. हा धंदा जबलपूरहून नागपूर, कामठी, भंडारा, तुमसर आणि गोंदियापर्यंत पसरला. गोंदियाचे मनोहरभाई पटेल हे या धंद्यातले पुढे ठळक झालेले नाव. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली.

बिडीचे काम जंगलातून सुरू होते. उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूची झुडपे छाटतात. त्यानंतर फुटलेली कोवळी पाने एप्रिल-मे महिन्यांत तोडतात. बायामाणसे पहाटे जंगलात शिरतात, पाने घरी आणून त्यांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन देतात. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने धरतात आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. १९६९ च्या कायद्याने या पानांचा व्यापार राज्य सरकारच्या नियंत्रणाखाली आला.

पुढचे काम घरात किंवा कारखान्यात होते. पाने भिजवून मऊ करायची, फर्म्याच्या मापाने कात्रीने कापायची, त्यात चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. हजार बिड्या हा कामाचा हिशेब. त्या वळायला दिवस जातो, अनेकदा घरातल्या दोघांचा दिवस जातो. तयार बिड्या मग भट्टीवर शेकतात. कारखानदार आणि कामगार यांच्यामध्ये सट्टेदार असे. तो पान आणि तंबाखू मोजून देई आणि बिड्या मोजून घेई. पान फाटके निघाले तरी बिड्या ठरल्या संख्येने भराव्या लागत. वाईट ठरवलेल्या बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडत आणि त्यांची मजुरी मिळत नसे.

या सगळ्या कामात धूळ सुटत नाही असा टप्पा नाही. जर्दा चाळताना, मिसळताना, सुपात घेऊन दिवसभर त्यावर वाकून बसताना तंबाखूचा बारीक कण नाकाघशातून खाली उतरतो. मांडीवर सूप आणि पुढे झुकलेली छाती ही बिडी वळणाऱ्याची कायमची बैठक. काम घरातच असेल तर त्याच खोलीत चूल पेटते, तेथेच लेकरू झोपते आणि तेथेच घरातले माणूस बिडी ओढते. कारखान्याची धूळ कामगारापुरती असते. घरातल्या कामाची धूळ साऱ्या कुटुंबाची होते.

तुमसरच्या खाणी

मध्य प्रांतातील मँगनीज उत्खनन १९०० च्या सुमारास सुरू झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एल. ली फर्मर यांनी १९०९ मध्ये देशातील मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या भागातील मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी आजही चालू आहेत. चिखल्याची खाण भूमिगत आहे, तर डोंगरी बुजुर्गची उघडी. डोंगरी बुजुर्गच्या खनिजातील मँगनीज डायऑक्साइड बॅटऱ्यांसाठी वापरतात. तुमसर रोडहून तिरोडीकडे गेलेली रेल्वे शाखा ही या खनिज पट्ट्याचीच वाट. ब्रिटिश कंपनीकडे असलेल्या खाणी १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड या नव्या कंपनीकडे आल्या आणि १९७७ मध्ये ती कंपनी पूर्णपणे सरकारी झाली.

गोंडाइट हा गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा खडक आहे. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. असा खडक कोरडा छिद्रित केला, फोडला किंवा चाळला की अतिसूक्ष्म सिलिका हवेत मिसळते. ती फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जाते. तेथील संरक्षक पेशी तिला गिळतात आणि मरतात, आणि त्या जागी तंतूंचे कठीण व्रण तयार होतात. हा सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. त्यातून वाचलेल्या पेशीही क्षयाच्या जंतूशी झुंजण्यात कमी पडतात, म्हणून सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोका कितीतरी वाढतो. मँगनीजच्या धुळीचा स्वतंत्र परिणाम मेंदूवर होतो. शिवाय ती श्वासमार्गाला क्षोभ आणते आणि न्यूमोनियाला वाट करून देते. पाणी मारून छिद्रे पाडणे, हवा खेळती ठेवणे आणि कामगारांच्या छातीचा फोटो ठराविक काळाने काढणे ही धूळ रोखण्याची ओळखीची साधने. १९५२ चा खाण कायदा आणि १९६१ ची धातू खाण विनियमावली यांनी त्यांना कायद्याचे बळ दिले. त्यापूर्वीच्या पाच दशकांत खाणीत राबलेल्यांना हे संरक्षण नव्हते.

१९१८ ची साथ आणि श्वासमार्गातील जंतू

१९१८ च्या पावसाळ्याअखेर इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट मुंबईहून रेल्वेमार्गाने देशभर गेली. हिंदुस्थानात १.२ कोटींहून अधिक माणसे दगावली. सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रांतांत मध्य प्रांत होता. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. अर्धपोटी, अशक्त माणसांत मृत्यू जास्त झाले.

या साथीने वैद्यकाला दिलेला धडा एचआयव्हीच्या काळात पुन्हा उपयोगी पडला. जर्मन शास्त्रज्ञ रिशार्ड फायफर यांना १८९२ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांच्या बेडक्यात एक जंतू सापडला होता आणि तोच या रोगाचे कारण मानला जाई. त्याचे नावही हिमोफिलस इन्फ्लुएन्झी असे पडले. १९३० च्या दशकात खरे कारण विषाणू असल्याचे सिद्ध झाले. पण फायफर यांचा जंतू निरपराध नव्हता. १९१८ मधील बहुतेक मृत्यू केवळ विषाणूने झाले नव्हते. विषाणूने श्वासमार्गाचे अस्तर खरवडल्यावर आत शिरलेल्या जंतूंनी ते घडवले, असे पुढे जपून ठेवलेल्या ऊतींच्या तपासणीतून दिसले. त्यांत १८८१ मध्ये सापडलेला न्यूमोकोकस प्रमुख होता.

निरोगी माणसाच्याही नाकाघशात हे जंतू असतात. श्वासमार्गाच्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि त्याखाली सतत हलणारे सूक्ष्म केस. आत आलेली धूळ आणि जंतू या थरात अडकतात आणि केस त्यांना वर ढकलतात, म्हणून खालचा श्वासमार्ग बराचसा स्वच्छ राहतो. तंबाखूचा धूर, चुलीचा धूर आणि धूळ या केसांची हालचाल मंदावतात. मग तेच जंतू खाली उतरून तेथे मुक्काम ठोकतात. बिडी, खाण आणि चूल यांनी भंडाऱ्यातील माणसांच्या छातीचे काय केले, ते या यंत्रणेत स्पष्ट दिसते.

क्षय आणि कामगार चळवळ

१९३१ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशन ऑन लेबरचा अहवाल आला. बिडीसारख्या अनियंत्रित धंद्यांत पाच वर्षांची मुलेही दिवसाला दहा-बारा तास, जेवणाची नीट सुट्टी न मिळता राबतात, असे त्यात नोंदले गेले. मध्य प्रांताने १९३७ मध्ये अनियंत्रित कारखान्यांसाठी कायदा केला. बिडी, लाख आणि कातडी कमावणे हे तीन धंदे त्याच्या कक्षेत आले. पण तो मोठ्या कारखान्यांपुरता होता. घरात वळली जाणारी बिडी त्याच्या बाहेर राहिली.

याच काळात कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांनी बिडी कामगारांना संघटित करायला घेतले. १९०४ मध्ये जन्मलेले हरदास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतील प्रमुख कार्यकर्ते होते. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १९३२ मध्ये त्यांनी मध्य प्रांत बिडी मजदूर संघ स्थापन केला. सट्टेदाराच्या पकडीतून कामगार सुटावा म्हणून सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू करण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. १९३७ च्या निवडणुकीत ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांचे क्षयाने निधन झाले. बिडी कामगारांचा तरुण नेता गेला, तो ज्या रोगाने कामगारही मरत होते त्याच रोगाने.

त्या वेळी क्षयावर औषध नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला होता, पण उपचार म्हणजे विश्रांती, चांगला आहार आणि मोकळी हवा. ज्यांना परवडे ते पाचगणीसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामात जात. रोजच्या हजार बिड्यांवर चूल पेटणाऱ्या घराला यांतले एकही साधन आवाक्यातले नव्हते.

स्वातंत्र्यानंतरही बिडीविषयीच्या कायद्यांचा पहिला रोख आरोग्याकडे नव्हता. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्याने शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिडी वळण्यास बंदी घालण्याचा अधिकार सरकारला दिला. शेतीला मजूर कमी पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. सागर जिल्ह्यातील आदेशाला आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर १९५० मध्ये चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. व्यवसाय स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निकाल आजही शिकवला जातो. कामगाराच्या छातीचा प्रश्न मात्र त्या कायद्यातही नव्हता आणि खटल्यातही नव्हता.

औषधे आली, पण फुप्फुस मागे राहिले

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आले. १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीने क्षय खेड्यांतही शहरांइतकाच असल्याचे दाखवले. १९५६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी राहून औषध घेणारा गरीब रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, हे त्याने सिद्ध केले. भंडाऱ्यासारख्या ग्रामीण जिल्ह्यांच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा शोध होता, कारण औषध गावापर्यंत नेता येत होते. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम जिल्हा हे एकक धरून सुरू झाला. १९९७ मध्ये डोळ्यांदेखत गोळी देण्याची डॉट्स पद्धत आली आणि २००६ पर्यंत तिने सारा देश व्यापला.

या यशात एक उणीव राहिली. बेडक्यात जंतू दिसेनासे झाले की रुग्ण बरा झाल्याची नोंद होते. पण क्षयाने फुप्फुसात पोकळ्या, व्रण आणि रुंदावलेल्या श्वासनलिका मागे ठेवलेल्या असतात. फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ मध्ये वर्णन केलेला हा श्वासनलिका रुंदावण्याचा विकार, म्हणजे ब्रॉन्किएक्टॅसिस, भारतात विशेष दिसतो. देशातील ३१ केंद्रांतील २,१९५ रुग्णांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील ३५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत या विकाराचे कारण पूर्वी झालेला क्षय हेच होते. अशा रुग्णाला क्षय उरलेला नसतो, पण चढण चढताना दम लागतो आणि रोज सकाळी बेडका पडतो. गावात त्याला पुन्हा टीबी झाला असेच समजतात आणि पुष्कळदा टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू होतात.

बिडी ओढण्याचा वाटाही मोठा आहे. तेंदूचे पान कागदासारखे हवा आत घेत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि स्त्रियांचे आठ वर्षांनी घटते. तमिळनाडूतील त्याआधीच्या मोठ्या अभ्यासात पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांमागे धूम्रपान असल्याचे आढळले होते.

१९६६ मध्ये बिडी व सिगार कामगार कायदा आला. त्याने परवाना, कामाचे तास, खेळती हवा आणि १४ वर्षांखालील मुलांना बंदी हे नियम केले. १९७६ मध्ये कामगार कल्याण निधी आणि त्यासाठीचा उपकर सुरू झाला. दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती आणि क्षयरोग रुग्णालयांत राखीव खाटा या योजना त्या निधीतून चालल्या. पण कायद्यानंतर काम कारखान्यातून अधिकच घराकडे सरकले आणि घराला कारखान्याचे नियम लागू होत नव्हते. ओळखपत्र नसलेली बाई कल्याण निधीच्याही बाहेर राहिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला.

एचआयव्हीचा प्रवेश

५ जून १९८१ रोजी अमेरिकेत पाच तरुणांना झालेल्या न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सची ती पहिली अधिकृत खूण. म्हणजे हा रोग जगाला दिसला तोच फुप्फुसाच्या आजारातून. १९८३ मध्ये विषाणू सापडला. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकारी सेलप्पन निर्मला यांच्या कामातून तो उघड झाला. त्याच वर्षी मुंबईत एड्सच्या पहिल्या रुग्णाची नोंद झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली.

एचआयव्हीबाधितांची संख्या सर्वाधिक असलेले राज्य महाराष्ट्र आहे. साथ प्रथम मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रातील जिल्ह्यांत वाढली, पण पूर्व विदर्भ तिच्यापासून दूर नव्हता. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी आणि साकोली येथून जातो. धान कापणीनंतर नागपूर आणि त्यापलीकडे कामाला जाणारी माणसे या जिल्ह्यात नेहमीचीच. बाधितांमध्ये घरच्या बायकांचा वाटाही मोठा. नवऱ्याकडून लागण झालेली विधवा, आणि तिचे जन्मतःच बाधित मूल, हे चित्र २००० च्या आसपास राज्यभर दिसू लागले.

१ एप्रिल २००४ रोजी सर्वाधिक बाधित सहा राज्यांत व दिल्लीत एचआयव्हीला आवरणारी एआरटी औषधे मोफत सुरू झाली. महाराष्ट्र त्यांत होता. पुढे ही औषधे जिल्हा पातळीवर मिळू लागली. आधी रक्तातील सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी ठरावीक संख्येखाली गेल्यावरच औषध मिळे. २०१७ पासून निदान होताच औषध देण्याचे धोरण आले. त्याच वर्षी संसदेने एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला. आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचा कार्यक्रमही दोन दशकांत पुष्कळ पुढे गेला.

क्षय आणि एचआयव्ही यांची जोडी सर्वांत घातक ठरली. शरीरात क्षयाचा जंतू झोपलेला असलेल्या निरोगी माणसाला आयुष्यभरात तो रोग होण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधिताला एका वर्षातच जवळपास तेवढा धोका असतो. त्यात सिलिकोसिसची भर पडली तर काय होते, ते दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत दिसले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दोन धोके एकमेकांत नुसते मिळत नाहीत, तर गुणले जातात, असे आढळले. खाणी असलेल्या प्रत्येक जिल्ह्याने लक्षात ठेवावे असे हे निरीक्षण आहे.

जंतू आणि झिजलेला श्वासमार्ग

एआरटीमुळे आयुष्य वाढले. न्यूमोसिस्टिससारखे संधिसाधू आजार मागे पडले आणि एक नवा प्रश्न पुढे आला. विषाणू आटोक्यात असूनही अनेकांचा खोकला आणि दम जात नाही. दीर्घकालीन अडथळ्याचा फुप्फुसविकार, म्हणजे सीओपीडी, एचआयव्हीबाधितांत इतरांपेक्षा जास्त आणि कमी वयात आढळतो. धूम्रपान हे त्याचे मोठे कारण असले तरी एकमेव नाही. बिडी कधी न ओढलेल्या बायकांनाही चुलीच्या धुराने हा विकार होतो, हे पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी सातत्याने मांडले आहे.

यामागची साखळी अशी आहे. एचआयव्ही फुप्फुसातील सीडी-४ पेशी कमी करतो, आणि जंतूंना ओळखणारी प्रतिपिंडे तयार होण्याचे काम बिघडते. त्यामुळे न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोराक्सेला आणि स्टॅफिलोकोकस या जंतूंना श्वासमार्गात टिकून राहता येते. बारा महिन्यांत दोनदा जंतुजन्य न्यूमोनिया होणे ही एड्सची खूण म्हणून अमेरिकेत १९९३ मध्ये मान्य झाली, ती यामुळेच. जंतूंना मारण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी जी पाचक द्रव्ये सोडतात, त्यांनी श्वासनलिकेची भिंतही खाल्ली जाते. भिंत सैल झाली की तेथे बेडका साचतो, साचलेल्या बेडक्यात जंतू वाढतात आणि पुन्हा भिंत झिजते. ब्रिटिश संशोधक पीटर कोल यांनी १९८६ मध्ये मांडलेले हे दुष्टचक्र ब्रॉन्किएक्टॅसिस समजून घेण्याचा पाया ठरले. क्षय, धूर किंवा सिलिका यांनी भिंत आधीच झिजलेली असेल, तर एचआयव्ही आल्यावर हे चक्र लवकर सुरू होते.

जन्मतः बाधित मुलांत हा विकार वेगळ्या रूपात दिसतो. त्यांच्यातील अगदी बारीक श्वासनलिका व्रणांनी बंद होत जातात. झिंबाब्वेतील हरारे आणि मलावीतील ब्लँटायर येथे अशा ६ ते १९ वयाच्या ३४७ मुलांवर चाचणी झाली. ४८ आठवडे दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फुप्फुसाची क्षमता सुधारली नव्हती, मात्र आजार एकाएकी बळावण्याचे प्रसंग कमी झाले होते. जंतूंचा भार कमी केला तर त्रास कमी होतो, पण झालेली झीज भरून येत नाही, असा त्याचा अर्थ. शिवाय हे प्रतिजैविक दीर्घकाळ वापरले तर प्रतिरोधी जंतू वाढण्याचे भय असते. म्हणून ते सरसकट देता येत नाही.

स्वस्त आणि जुनी साधने तेवढीच मोलाची ठरली आहेत. कोट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाची रोजची गोळी बाधित मुलांचे मृत्यू ४३ टक्क्यांनी घटवते, हे झांबियात २००४ मध्ये सिद्ध झाले. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. हिमोफिलसच्या ‘बी’ प्रकाराची लस पेंटाव्हॅलंट लशीत आहे. पण दीर्घ आजारी फुप्फुसांत बहुधा या जंतूचे इतर प्रकार सापडतात आणि त्यांवर ती चालत नाही.

इतिहासाचा निष्कर्ष

शंभर वर्षांत भंडाऱ्यातील छातीच्या आजारांवर जे उपाय आले ते आपापल्या खात्यात चांगले होते. क्षय कार्यक्रमाने क्षयाचा जंतू मोजला, एड्स कार्यक्रमाने विषाणू मोजला, खाण कायद्याने धूळ मोजली आणि बिडी कायद्याने कामाचे तास मोजले. पण माणसाचा श्वास एकच असतो. लहानपणी चुलीच्या धुरात वाढलेली, तरुणपणी सुपातल्या जर्द्यावर वाकलेली, एकदा टीबीतून उठलेली आणि आता एआरटीची गोळी घेणारी बाई वेगवेगळ्या खात्यांत तुकड्यातुकड्यांनी नोंदली जाते. तिच्या फुप्फुसाची क्षमता किती उरली, ते यांतले एकही खाते विचारत नाही.

त्यासाठी लागणारे साधन महाग नाही. टीबीचे औषध संपले त्या दिवशी आणि एआरटी केंद्रात वर्षातून एकदा स्पायरोमीटरवर फुंकर मारून घेतली, रुग्णाच्या कागदावर त्याचा धंदा लिहिला, खोकला पुन्हा सुरू झाल्यावर गोळ्या बदलण्याआधी बेडका जंतूंसाठी तपासला, तर यांतली बरीच झीज वेळेत हाती लागते. बिडी सोडवण्यासाठी समुपदेशन आणि घरात धूरमुक्त चूल ही औषधाइतकीच उपचाराची अंगे आहेत. जिल्ह्यात आज बिडीचा धंदा पूर्वीइतका उरलेला नाही, पण त्या धंद्यात वळलेली, ओढलेली आणि श्वासातून घेतलेली तंबाखू एका पिढीच्या छातीत अजून आहे. त्या पिढीच्या हयातीत तिचा श्वास मोजणे ही आरोग्य व्यवस्थेची जबाबदारी आहे.